वेल्ड केलेला निकेल सुपरॲलॉय आणि हीट ट्रीटमेंट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर भागातल्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल आणि उद्यमनगरातल्या जॉबवर्कवाल्यांकडून जे प्रश्न फिरून फिरून येतात, ते इथे एका जागी ठेवले आहेत. बहुतेक उत्तरं इन्कोनेल ७१८ (पुढे नुसतं ७१८) हा निकेल सुपरॲलॉय धरून आहेत. दुसऱ्या ग्रेडचं असेल तिथे तसं लिहिलं आहे. तापमानं सगळी सेल्सियसमध्ये आहेत. ग्राहकाचं स्पेसिफिकेशन आणि हे पान यांत फरक दिसला, तर स्पेसिफिकेशन खरं धरा.

१. आमच्या फाउंड्रीत कास्टिंगच्या दुरुस्तीला निकेलचा रॉड रोज जळतो. सुपरॲलॉय म्हणजे त्याचाच मोठा भाऊ का?

नाही. कास्ट आयर्नचा तो रॉड म्हणजे जवळजवळ शुद्ध निकेल किंवा निम्मं निकेल, निम्मं लोखंड. त्यात मऊपणाच हवा असतो, म्हणजे नंतर मशिनिंग करता येतं. सुपरॲलॉयकडून ६००-७०० अंशांवरही ताकद टिकण्याची अपेक्षा असते.

सुपरॲलॉयमध्ये दोन घराणी आहेत. ६२५ किंवा हॅस्टेलॉय एक्स यांची ताकद निकेलमध्ये विरघळलेल्या मॉलिब्डेनम, क्रोमियमसारख्या धातूंमुळे असते, ती भट्टीत घालून वाढवायची नसते. ७१८, वास्पलॉय, निमोनिक ८०ए यांची ताकद एजिंगमध्ये, म्हणजे भट्टीत मध्यम तापमानाला तासन्तास ठेवल्यावर, तयार होणाऱ्या बारीक कणांमुळे येते. वेल्डनंतर भट्टी लागते का, याचं उत्तर जॉब कोणत्या घराण्यातला आहे यावर ठरतं. ६२५ साठी थेट प्रश्न १३ वाचा.

२. ७१८ ला ताकद नेमकी कशानं येते?

नायोबियमनं. त्यात ४.७५ ते ५.५ टक्के नायोबियम असतो. एजिंगमध्ये तो निकेलशी जोडी करून थाळीच्या आकाराचे अतिसूक्ष्म कण बनवतो, त्यांना गॅमा डबल प्राइम म्हणतात. ॲल्युमिनियम आणि टायटॅनियमचे गॅमा प्राइम कण सोबतीला असतात, पण ७१८ मध्ये मुख्य भार डबल प्राइमवर.

हे कण सावकाश तयार होतात, आणि ७१८ ची खरी कमाई इथेच आहे. हर्बर्ट आयझेलस्टीन यांनी हंटिंग्टनच्या कारखान्यात हा ॲलॉय बसवला, १९६२ मध्ये त्याचं पेटंट झालं. त्याआधीचे ॲल्युमिनियम-टायटॅनियमवाले ॲलॉय वेल्डनंतर भट्टीत तडकत (प्रश्न ८). ७१८ मध्ये कण उशिरा येत असल्यानं वेल्डचा ताण आधी सैल होतो.

आकड्यांत सांगायचं तर सोल्यूशन केलेल्या (जास्त तापवून कण विरघळवलेल्या आणि मग लवकर गार केलेल्या) पत्र्याची यील्ड (ज्या ताणाला धातू कायमचा ओढला जाऊ लागतो तो) ५५० मेगापास्कलच्या आत असते. एएमएस ५६६३ हे विमान उद्योगाचं स्पेसिफिकेशन एज केलेल्या बारकडून किमान यील्ड १०३४ आणि टेन्साइल (तुटण्याआधीचा सर्वात जास्त ताण) १२७६ मेगापास्कल मागतं. जवळपास दुपटीचा हा फरक कणांचा.

३. वेल्ड मारल्यावर ताकद कुठे जाते?

दोन ठिकाणी, आणि दोन वेगळ्या कारणांनी.

पहिलं ठिकाण वेल्डच्या शेजारचा तापलेला पट्टा. जॉब आधीच एज केलेला असेल, तर साधारण ९०० अंशांच्या वर गेलेल्या भागातले कण विरघळून तिथे धातू मऊ पडतो. सेक्शन कापून व्हिकर्स हार्डनेस मशीननं अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरवर ठसे घेत गेलात, तर पेरेंटमध्ये (मूळ धातूत) ४३० च्या आसपास असलेला आकडा वेल्डकडे येताना २५०-२६० पर्यंत उतरलेला दिसतो. हा भाग भट्टीनं सरळ भरून येतो.

दुसरं ठिकाण खुद्द वेल्ड, आणि तिथलं दुखणं चिवट आहे. वितळलेला धातू गोठताना नायोबियम आधी गोठणाऱ्या भागात राहत नाही, शेवटच्या द्रवात ढकलला जातो. तिथे लाव्हेस नावाचा ठिसूळ पदार्थ बनतो. म्हणजे एकीकडे नायोबियमचे साठे आणि दुसरीकडे नायोबियमची टंचाई. टंचाईच्या जागी एजिंगला कण बनवायला मालच नसतो, आणि साठ्याच्या जागी तडा सुरू व्हायला आयती वाट असते.

म्हणून वेल्ड करतानाच हीट कमी ठेवा. टिग, सरळ बारीक रन, विव्हिंग (टॉर्च आडवी हलवणं) नको, दोन रनमध्ये जॉब १०० अंशांखाली. जितकं लवकर गोठेल तितका लाव्हेस बारीक आणि तुटक. जाड, सलग लाव्हेस नंतरच्या भट्टीत नीट विरघळत नाही. वेल्डरनं घाईत चढवलेले अँपिअर अशा रीतीनं हीट ट्रीटमेंटच्या रिपोर्टमध्ये उतरतात.

४. नेहमीची सायकल काय? गोल गोल नको, आकडे द्या.

वेल्डच्या आधी जॉब सोल्यूशन केलेल्या अवस्थेत हवा. वेल्डनंतर:

सोल्यूशनला ९५५ ते ९८० अंशांत एक तास सोकिंग (त्याच तापमानाला ठेवणं), मग हवेत किंवा त्याहून जलद थंड. सोकिंगचा वेळ जॉब तापमानाला पोचल्यापासून मोजायचा, भट्टी पोचल्यापासून नाही. जाड जॉब दार बंद ठेवून भट्टीतच गार करू नका. ९०० ते ६५० च्या पट्ट्यात तो रेंगाळला की नको तिथे, नको तसे कण पडतात.

एजिंगला ७२० अंशांवर ८ तास, मग तासाला ५५ अंश या गतीनं ६२० पर्यंत भट्टीतच उतरवा, ६२० वर ८ तास, आणि शेवटी हवेत थंड. उतरायला लागणारे दोनेक तास धरून एजिंगचं एकूण १८ तास होतं. दुसरी पायरी वाचवू नका. ७२० ला कण जन्मतात, ६२० ला त्यांची संख्या आणि भरणा वाढतो.

तेलविहिरीच्या सामानाला ही सायकल लागू नाही. एपीआय ६एसीआरए या तेल उद्योगाच्या स्टँडर्डमध्ये सोल्यूशन १०२१ ते १०५२ आणि एजिंग ७७४ ते ८०२ अंशांवर ६ ते ८ तास, एकाच पायरीत. तिथे यील्ड मुद्दाम कमी आणि हार्डनेसला वरची मर्यादा असते. ड्रॉइंगवर नुसतं “७१८, एज्ड” लिहिलेलं असेल, तर आधी फोन करून कोणतं ते विचारा.

५. सोल्यूशन वगळून वेल्डवर थेट एजिंग केलं तरी ४० एचआरसी (रॉकवेल सी हार्डनेस) येतो. मग सोल्यूशनचा खर्च कशाला?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. उत्तर असं की हार्डनेस मशीनला लाव्हेस दिसत नाही.

थेट एजिंगमध्ये मऊ पडलेला पट्टा परत कडक होतो, वेल्डही बराचसा कडक होतो, रॉकवेलचा आकडा पास होतो. पण ७२० अंशांना लाव्हेस जागचा हलत नाही. साध्या टेन्साइलमध्ये यील्ड ठीक येते, मार बसतो तो इलाँगेशनला (तुटण्याआधी ओढलं जाण्याला), आघात सोसण्याला आणि फटिगला (पुन्हा पुन्हा येणारा लोड सोसण्याला). तुटलेला नमुना हातात घेतला की कळतं: एज केलेला पेरेंट तुटण्याआधी थोडा तरी ओढला जातो, तर लाव्हेसवरून गेलेला वेल्ड बिनओढीचा, सपाट तुटलेला असतो.

थेट एजिंग कधी चालतं? जॉबला फक्त स्थिर लोड आहे, सोल्यूशनला नेलं तर माप बिघडेल, आणि ग्राहकानं त्याच अवस्थेतल्या चाचणी-प्लेटचा रिपोर्ट मान्य केला आहे, तेव्हा. फिरणारा किंवा कंप सोसणारा पार्ट असेल, तर आमचं मत सोल्यूशनच्या बाजूनं.

६. सोल्यूशन ९८० ला करू की १०६५ ला? वेगवेगळे लोक वेगवेगळं सांगतात.

दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात.

९८० ला ग्रेन (धातूचा स्फटिक) बारीक राहतो, पण लाव्हेस अर्धवटच विरघळतो आणि त्याच्या भोवती डेल्टा नावाच्या दुसऱ्या पदार्थाच्या सुया उगवतात. डेल्टामध्येही नायोबियमच अडकतो, म्हणजे तेवढी ताकद कमी. थोडा डेल्टा ग्रेनच्या सीमेवर असला तर उलट उपयोगी, तो ग्रेन वाढू देत नाही.

डेल्टा साधारण १०१०-१०२० अंशांच्या वर टिकत नाही. १०६५ ला तो जातो, लाव्हेसही बराच कमी होतो, वेल्डचं रसायन सारखं होत जातं आणि तो आघात जास्त सोसतो. किंमत म्हणून पेरेंटचा ग्रेन वाढतो, आणि त्याबरोबर यील्ड आणि फटिग उतरतात. कास्ट ७१८ ला १०९५ च्या आसपास होमोजनायझेशन (सगळीकडे रसायन सारखं करणं) करतात, कारण तिथे लाव्हेस अख्ख्या कास्टिंगभर असतो आणि ग्रेन मुळातच मोठा. कास्टिंगचा तो आकडा फोर्जिंगच्या जॉबला लावू नका.

७. एज झालेल्या, मशिनिंग पूर्ण झालेल्या जॉबवर वेल्ड दुरुस्ती करायची आहे. आधी काय?

शक्य असेल तर आधी पूर्ण जॉब सोल्यूशन, मग वेल्ड, मग प्रश्न ४ ची सायकल. मशिनिंग झालेलं आहे म्हणून सोल्यूशन नको असेल, तर छोट्या दुरुस्तीला लोक थेट वेल्ड आणि परत एजिंग करतात. त्यात पेरेंट दुसऱ्यांदा एज होऊन किंचित ओव्हरएज होतो (कण जास्त वाढून ताकद उतरते) आणि वेल्डची अवस्था प्रश्न ५ सारखी राहते. दोन्ही गोष्टी ग्राहकाला लेखी कळवून मगच करा.

गॅसच्या टॉर्चनं तेवढाच भाग लाल करून “स्ट्रेस रिलीव्ह” करू नका. टॉर्चखालचा भाग विरघळतो, त्याच्या कडेचा ओव्हरएज होतो, आणि चार बोटांच्या पट्ट्यात तीन वेगवेगळे धातू तयार होतात.

८. वेल्डनंतर डायपेनेट्रंट (पृष्ठभागावरचे तडे दाखवणारा रंग) स्वच्छ होता. भट्टीतून काढल्यावर वेल्डच्या कडेनं तडा. चूक वेल्डरची की भट्टीवाल्याची?

आधी तडा कुठला ते ठरवा.

वेल्ड होतानाच पडणारे बारीक तडे शेजारच्या पट्ट्यात ग्रेनच्या सीमेवर असतात. नायोबियम कार्बाइडच्या भोवतीची सीमा वितळते आणि आकसताना फाटते. हे अनेकदा मिलिमीटरच्याही आत असतात, पृष्ठभागाला टेकत नाहीत, म्हणून पेनेट्रंटला सापडत नाहीत. भट्टीत ते फक्त उघडतात. कारण: जास्त हीट, जाड ग्रेनचा माल, गंधक-फॉस्फरस-बोरॉनचं प्रमाण.

दुसरा प्रकार स्ट्रेन-एज तडा. जॉब गरम होत असताना, ६०० ते ९०० अंशांच्या पट्ट्यात, वेल्डचा ताण सैल व्हायच्या आत कण पडून धातू ताठ होतो. आता ताणाला वाव मिळतो तो ग्रेनच्या सीमेवरच. हा तडा लांब, वेल्डच्या टोला (वेल्ड आणि मूळ धातू मिळतात त्या कडेला) धरून चालणारा असतो. ७१८ मध्ये तो क्वचित दिसतो. वास्पलॉय (ॲल्युमिनियम सुमारे १.३, टायटॅनियम ३ टक्के) आणि रेने ४१ मध्ये तो ठरलेला पाहुणा.

त्या ग्रेडना थेट एजिंग करूच नका. आधी सोल्यूशन, आणि ६००-९०० चा पट्टा जितक्या लवकर ओलांडता येईल तितक्या लवकर. भट्टी गच्च भरली की हीच गती मरते. पंधरा जॉब एका चार्जमध्ये घालून भाडं वाचतं, जॉब वाचत नाहीत. वेल्डचा टो भट्टीआधी ग्राइंड करून गुळगुळीत केला, तर तडा सुरू व्हायला खाच मिळत नाही.

९. आमच्या ओळखीत फर्नेस ऑइलची भट्टी आहे. तीत करू का?

नको. फर्नेस ऑइलमध्ये गंधक असतो. निकेल आणि निकेल-सल्फाइडचं मिश्रण सुमारे ६४० अंशांनाच वितळतं, म्हणजे एजिंगच्या ७२० अंशांच्याही खाली. गंधक ग्रेनच्या सीमेतून आत शिरतो. पृष्ठभाग सुकलेल्या तळ्याच्या तळासारखा भेगाळतो, आणि तो घासून जात नाही.

भट्टी विजेची असली तरी जॉबवरची घाण तेच करते: कटिंग ऑइल, ग्रीस, मार्कर, तापमान दाखवणारा खडू, शिसं किंवा जस्त असलेला रंग. भट्टीत घालण्याआधी ॲसिटोननं पुसा आणि नंतर उघड्या हातानं धरू नका. हीट नंबर शाईनं लिहू नका, तारेला टॅग बांधा. मात्र ती तार गॅल्व्हनाइज्ड नको, जस्त तिच्यातूनही येतं.

फिनिश जॉबला व्हॅक्यूम किंवा आर्गॉन बरा. साध्या हवेतही ताकद येते, फक्त वर ऑक्साइडचा थर बसतो, तो काढायला माल जादा ठेवावा लागतो. व्हॅक्यूममध्ये सोल्यूशन करताना खूप खोल व्हॅक्यूमला पृष्ठभागाचं क्रोमियम उडतं, म्हणून थोड्या दाबाचं आर्गॉन सोडतात.

१०. एजिंगच्या मधेच लाइट गेली. जॉब भंगारात?

बहुतेक वेळा नाही. दार उघडू नका. लाइट आल्यावर त्याच पायरीच्या तापमानाला परत न्या आणि उरलेले तास पूर्ण करा. ७२० ला ५ तास झाले असतील, तर आणखी ३. ७१८ चे कण सावकाश वाढतात, म्हणून हे निभतं. चार्टवर खंड तसाच दिसू द्या, त्यावर वेळ लिहून सही करा, आणि ग्राहकाची मान्यता घ्या.

सोल्यूशनच्या मधे लाइट गेली तर हिशेब वेगळा. जॉब बंद भट्टीत सावकाश गार झालेला असतो, आणि त्यात काय पडलं असेल त्याचा भरवसा नाही. सोल्यूशन पहिल्यापासून करा. असं कितीदा करता येईल त्याला स्पेसिफिकेशनमध्ये मर्यादा असू शकते, कारण दर वेळी ग्रेन थोडा वाढतो.

११. चार्ट सरळ आहे, तरी हार्डनेस ३० एचआरसीच आला. असं का?

चार्ट भट्टीच्या थर्मोकपलचा (तापमान मोजणाऱ्या तारेचा) असतो, जॉबचा नसतो. जॉबला थर्मोकपल बांधलं होतं का ते पहिलं विचारा. के टाइप थर्मोकपल फार वापरलं की सरकतं, आणि कोपऱ्यातला जॉब मधल्यापेक्षा २० अंशांनी मागे असू शकतो. भट्टीचा युनिफॉर्मिटी सर्व्हे (आत सगळीकडे तापमान सारखं आहे का याची तपासणी) कधीचा आहे तोही पाहा. एएमएस २७५० प्रमाणे क्लास २ ची भट्टी म्हणजे अधिक-उणे ६ अंश, क्लास ५ म्हणजे १४.

ते सगळं ठीक असेल, तर सोल्यूशननंतर जॉब सावकाश गार झाला का ते बघा. नंतर ठसा कुठे घेतला ते: ऑक्साइडच्या थरावर घेतला तर आकडा खोटा. आणि शेवटी वायर कोणती होती (प्रश्न १४).

१२. एजिंगनंतर बोअर लहान झाला. भट्टीत वाकला का?

नुसता आकसला असेल. एजिंगमध्ये ७१८ सुमारे ०.०८ टक्के आकसतो, म्हणजे १०० मिमीला ०.०८ मिमी. जवळ टॉलरन्स असेल तर फिनिशिंग एजिंगनंतर ठेवा.

गोल जॉब अंडाकृती झाला असेल तर तो ताण किंवा फिक्श्चर. ३०४ स्टेनलेसचं फिक्श्चर ७१८ पेक्षा जास्त फुगतं. ७२० अंशांना ५०० मिमी लांबीत फरक १ मिमीच्या आसपास जातो. घट्ट बोल्ट केलेलं असेल तर जॉबला ओढून नेतं.

१३. ६२५ ला वेल्डनंतर काय करायचं?

साधारण काहीच नाही. उलट ६०० ते ७५० अंशांत दीर्घकाळ ठेवलं तर त्यातही नायोबियमचे कण पडून टफनेस (आघात सोसण्याची क्षमता) उतरतो.

अपवाद स्टीलवरच्या ओव्हरलेचा. ४१३० च्या बॉडीवर ६२५ चा थर चढवला, तर भट्टी लागते ती खालच्या स्टीलसाठी. तिथला पट्टा कडक झालेला असतो, आणि आंबट (हायड्रोजन सल्फाइड असलेल्या) वायूच्या सेवेला स्टीलला २२ एचआरसीची मर्यादा आहे. तापमान बॉडीच्या मूळ टेंपरिंगच्या खाली ठेवा, नाहीतर बॉडीचीच ताकद उतरते. दुरुस्तीनंतर पुन्हा भट्टी झाली तर आधीचे तास त्यात मिळवायचे.

१४. ७१८ च्या जॉबला ६२५ ची वायर वापरली. एजिंगनंतर जोड किती ताकदीचा धरू?

६२५ च्या ताकदीचा. ईआर-एनआय-सीआर-एमओ-३ वायरची किमान टेन्साइल ७६० मेगापास्कल आहे, पेरेंटची १२७६. पेरेंट मिसळल्यानं वेल्ड थोडा सुधारतो, पण त्यावर डिझाइन करू नका. तडे टाळायला ही वायर चांगली, आणि कमी लोडच्या जागी आम्हीही तीच सुचवू. बरोबरीची ताकद हवी असेल तर ७१८ चीच वायर, ईआर-एनआय-एफई-सीआर-२.

१५. ७१८ ची रिंग ४१४० स्टीलच्या शाफ्टला वेल्ड करून मग एज करायची आहे.

करू नका. ४१४० चं टेंपरिंग ५५०-६५० ला झालेलं असतं. ७२० ला ८ तास ठेवलं की शाफ्ट मऊ. क्रम उलटा लावा: ७१८ च्या कडेवर ६२५ चा थर चढवा, ती रिंग एकटीच एज करा, मग ६२५ च्या वायरनं शाफ्टला जोडा. शाफ्टच्या पट्ट्याला लागेल तेवढंच टेंपरिंग नंतर.

३१६ स्टेनलेसला जोडायचं असेल तर एजिंगच्या तापमानाला ३१६ गंजायला सोपं होतं. ३१६एल किंवा ३४७ घ्या.

१६. टर्बोच्या चाकाचं पातं तुटलंय, भरून मिळेल का?

टर्बाइन बाजूचं चाक बहुधा ७१३सी या निकेल ॲलॉयचं कास्टिंग असतं, ॲल्युमिनियम ६ टक्क्यांच्या आसपास. आर्कनं भरलं तर तडकतंच, आणि कोणतीही हीट ट्रीटमेंट ते परत आणत नाही. शाफ्टला ते कंपनीत फ्रिक्शन किंवा इलेक्ट्रॉन बीमनं जोडलेलं असतं, ती गोष्ट वेगळी. नवीन घ्या.

१७. जॉब पुण्याला व्हॅक्यूमला पाठवताना चलनावर काय लिहू, आणि परत आल्यावर काय तपासू?

“एजिंग करणे” एवढं लिहू नका. ग्रेड आणि स्पेसिफिकेशन नंबर, जॉब वेल्ड केलेला असल्याची नोंद, वायरचा ग्रेड, सोल्यूशन हवं की नाही, प्रत्येक पायरीचं तापमान, वेळ आणि थंड करायची पद्धत, आणि जॉबला थर्मोकपल बांधून त्याचा चार्ट द्यावा, हे सगळं लिहा. त्याच मालाची, त्याच वेल्डरनं, त्याच वायरनं केलेली चाचणी-प्लेट त्याच चार्जमध्ये जाऊ द्या. वेल्ड प्रोसिजर ज्या हीट ट्रीटमेंटवर पास झाली, ती बदलली तर एएसएमई सेक्शन ९ (वेल्डिंग क्वालिफिकेशनचा कोड) प्रमाणे नवी क्वालिफिकेशन लागते.

परत आल्यावर पेनेट्रंट पुन्हा करा, आधीचा धरू नका. चाचणी-प्लेटमधून आडवे टेन्साइल नमुने काढा आणि इलाँगेशनचा आकडा यील्डच्या आधी वाचा. एक तुकडा पॉलिश करून कॉपर क्लोराइड ५ ग्रॅम, हायड्रोक्लोरिक ॲसिड १०० मिली आणि इथेनॉल १०० मिली यांच्या द्रावणानं एच करा (पृष्ठभाग हलकासा कोरा), आणि मायक्रोस्कोपखाली धरा. ९८० ला सोल्यूशन केलेल्या वेल्डमध्ये लाव्हेसची तुटक बेटं आणि भोवती डेल्टाच्या सुया दिसल्या तर ते अपेक्षितच आहे. बेटं एकमेकांना जोडून साखळी झालेली दिसली, तर भट्टीवाल्याशी वाद घालण्याआधी वेल्डिंगच्या वेळच्या अँपिअरची नोंद काढा.